ऐकणारे

दुपारी दोनच्या सुमाराला दुकानात आलेल्या त्या उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या पाहुण्यानं ते शब्द बरोबर उच्चारले आणि एमालियाच्या हातातली लांब सुई मोगऱ्याच्या कळीतून निघून थेट तिच्या अंगठ्यात गेली.

तसं विचारण्यात नवीन काही नव्हतं. होनोलुलूच्या चिनी वस्तीतल्या त्या रस्त्यावर हारांची दहा-बारा दुकानं, त्यांतल्या एकात ती चौतीस वर्षं बसत आलेली. दिवसाआड एखादा तरी यायचाच: बरोबर बायको नाहीतर होऊ घातलेली बायको, नाहीतर एकटाच, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजलेला. हार बांधून होईपर्यंत इकडेतिकडे बघायचा आणि मग हळूच, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे तुमच्या भाषेत कसं म्हणायचं हो?' एमालिया सांगायची. आलोहा आउ इआ ओए. पण सांगायची ती दुकानातलं. त्या वाक्यात शेवटच्या शब्दाआधी घशात एक दार लागतं, अगदी निमिषभर; श्वास अडतो आणि मग तो शब्द सुटा, स्वच्छ बाहेर येतो. त्याच्या आधीचा 'आ' चांगला लांबवावा लागतो. एमालिया ते दार सताड उघडं ठेवायची, लांब ते तोकडं करायची आणि सगळं एकात एक कालवून, फार शिजलेल्या भातासारखं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची. गिऱ्हाईक खूश. तेही तसंच गिचका करत, हसत निघून जायचं. आज या माणसानंही तसंच म्हणायला सुरुवात केली होती. पण मध्येच तो लाजला, शब्द विसरला, थांबला, आणि तो थांबला ते नेमकं त्या जागी. दार लागलं, उघडलं, शब्द बाहेर आला. त्याला पत्ताही नव्हता. तो पैसे देऊन, हाराचा डबा छातीशी धरून उन्हात निघून गेला आणि एमालिया अंगठा तोंडात धरून बसून राहिली. दुकानातला पंखा फिरत होता. रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्याचा रेडिओ चालू होता. कोणीतरी कान टवकारल्यासारखं तिला वाटलं. कोणी ते विचारू नका; असं वाटायला कोणी दिसावं लागत नाही.

"काय गं, एवढी वर्षं झाली, अजून सुई टोचून घेतेस?" शेजारच्या स्टुलावरून लूर्डेस म्हणाली. लूर्डेस मूळची फिलिपिन्सची, पंचवीस वर्षं याच टेबलाला बसून निशिगंध ओवणारी. "त्याच्या बायकोच्या वाट्याचं प्रेम तुला लागलं वाटतं."

"गप बस."

"आता तुझ्या तोंडावर तर रक्त नाही, सगळं अंगठ्यात आलंय. जा बाई आज लवकर. नातीकडे जायचंय ना?"

जायचं होतंच, पण रोज ती जायची ती नुसती बघायला. दवाखान्यात काचेबाहेर उभी राहायची, हात मागे बांधून, वाण्याच्या दुकानात उधारी असलेल्या माणसासारखी. आत जायची ती हिनानो, तिची मुलगी. आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन थरथरला. हिनानोचाच निरोप होता: 'आई, सर्दीनं आवाज पार गेला. मला आत सोडत नाहीत. चारला तू जा. मी काचेशी असेन.' एमालियानं तो दोनदा वाचला. मग फोन पालथा घातला, जणू त्यानं काही होणार होतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी, पिशवीत हिनानोसाठी गरम सुपाचा डबा. बाहेर रोजचंच शहर होतं. ढगांखालचे हिरवे डोंगर, त्यांच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेली घरं, पुलाखाली झोपलेली माणसं. तिला मात्र आपण कुठे चाललो आहोत हे मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं. ही सवय लहानपणची. मोलोकाई बेटावरच्या दरीत, अळूच्या खाचरांच्या कडेला तिच्या तूतूचं, म्हणजे आजीचं, घर होतं आणि त्या घरात मासे धरायला जाणारा माणूस कधी 'मासे धरायला जातो' म्हणत नसे. 'जरा फिरून येतो' म्हणायचं. जाळी खांद्यावर दिसत असली तरी फिरूनच येतो म्हणायचं, कारण माशांना कान असतात. तूतू रविवारी टोपी घालून देवळात पहिल्या बाकावर बसायची, बायबल तिला तोंडपाठ; पण कानांचा तिचा हिशेब वेगळा होता. माशांना कान, वाऱ्याला कान, दगडांना कान, आणि त्याखेरीज आणखी ज्यांची नावं घ्यायची नाहीत त्यांना कान. कोणावर जीव आहे ते मोठ्यानं बोलून दाखवायचं नाही. मूल झालं की शेजारीपाजारी बघायला यायचे, नाक मुरडायचे आणि म्हणायचे, 'शी! काय हे ध्यान! कसलं कुरूप!' म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे आणि बोटं मुलाच्या मांड्या हळूच चाचपायची. दृष्ट ही काही एका देशाची मक्तेदारी नाही.

एमालिया सात वर्षांची असताना तिला भाऊ झाला. काले. गोलमटोल, दोन हनुवट्यांचा, सदानकदा ओले ओठ. जो येईल तो त्याला कुरूप म्हणून जायचा आणि सात वर्षांच्या पोरीला ते खरं वाटलं. कोणालाच आवडत नाही हा, असं तिला वाटलं. शाळेत इंग्रजी, आईबाप गावात अननसाच्या मळ्यावर, तेही इंग्रजीच बोलायचे; बेटांची जुनी भाषा फक्त तूतू बोलायची, तीही तिच्या वयाच्या माणसांशी, आणि मुलं आली की बंद करायची. पण घर खांबांवर उभं होतं आणि खाली निजून फटींतून सगळं ऐकू यायचं. प्रेमाचे ते शब्द मात्र फटीतून ऐकलेले नव्हते. ते तिनं आदल्या वर्षी आजोबांच्या शवपेटीशी ऐकले होते. सगळे बाहेर जाऊन जेवायला बसले तेव्हा तूतू एकटीच आत राहिली, पेटीवर वाकली, मेलेल्या नवऱ्याच्या नाकाला नाक लावलं आणि सावकाश, एकेक अक्षर पुसून ठेवावं तसं म्हणाली. मेलेल्या माणसाला म्हटलं तर चालतं, त्याचं आता कोण काय नेणार. हे एमालियाला तेव्हा कळलं नव्हतं. तिला फक्त तो मधला थांबा कळला, श्वास अडून सुटणारा. आठ दिवस घराखाली निजून तिनं तो घोटला. कोंबड्यांना म्हणून दाखवला. आणि एका दुपारी, तूतू खाचरात असताना, चटईवर पडलेल्या कालेच्या कानाशी जाऊन तिनं ते म्हटलं, मोठ्यानं, लख्ख. वर आणखी 'तू सुंदर आहेस' हेही म्हटलं. काले हसला. मागे कसली चाहूल लागली म्हणून ती वळली तर तूतू उभी. तूतूनं तिच्या तोंडात मारली. हात चिखलानं भरलेला होता, चिखल ओठांना लागला, दातांत आला. मग तूतू दारात जाऊन बाहेरच्या रिकाम्या अंगणाला ओरडून सांगू लागली, की घाण आहे पोरगा, शेण आहे, उकिरडा आहे, कोणी ढुंकूनही बघू नये असा आहे. पाचव्या दिवशी कालेला ताप भरला. समुद्र खवळलेला होता, डॉक्टरला आणणारी नाव आली नाही. सातव्या दिवशी तो गेला.

तिला कोणी बोल लावला नाही, तेच वाईट झालं. लावला असता तर ती रडली असती, भांडली असती. तूतूनं त्या दुपारचं नाव पुन्हा काढलं नाही. फक्त तिच्या केसांना तेल लावताना हात जरा जास्त हळू झाला. एमालियाला मग आपणच आपला हिशेब मांडावा लागला. तूतू गावातल्या मुलींना जुनी स्तोत्रं शिकवायची आणि म्हणायची, 'एक अक्षर चुकलं की स्तोत्र पोचत नाही. अर्ध्या वाटेत गवतात पडतं.' एमालियानं ते उलटं धरलं. चुकलेलं पोचत नाही ना? मग चुकावं. पुन्हा असं काही कोणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. इतर पोरी बरोबर म्हणायला शिकत होत्या तेव्हा ती चुकायला शिकली, आणि खोटं कशाला सांगायचं, ते काम सोपं नव्हतं. सरळ चालणारी जीभ रोज मुरगाळून ठेवायची. दार लागायला आलं की ते ढकलून उघडायचं. शहरात आल्यावर तर सोयच झाली. इथे निम्मे लोक तसेच बोलायचे, कोणाला शंका नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. एमालियाचा तो इतकी वर्षं तिच्यामागून बसनं, पायी, दुकानात, घरात आला होता, आणि ती त्याला रोज वाकड्या शब्दांचा नैवेद्य दाखवून गप्प बसवत होती.

आणि अशा बाईच्या पोटी हिनानो आली. लहानपणीच तिला त्या नव्या शाळेत घातलं, जिथे सगळं जुन्या भाषेतच शिकवत. एमालियानं नव्हतं घातलं, नवऱ्यानं घातलं, तो बिचारा लवकर गेला. हिनानो भाषेवर अशी तुटून पडली जशी उपाशी पोरं अळूच्या कंदाच्या लगद्यावर, पोईच्या वाडग्यावर पडतात. नऊ वर्षांची होईतो ती आईला जेवताना दुरुस्त करायला लागली. 'आई, थांब ना तिथे. घशात थांब. हे बघ, असं.' एमालिया थांबायची नाही. शाळेच्या कार्यक्रमात एकदा सगळ्या आईबापांनी आपापल्या मुलाला मंचावर ते वाक्य म्हणायचं होतं. एकेक जण अडखळत, घामाघूम होत म्हणून गेला. एमालियाची पाळी आली. तिनं मुलीकडे बघितलं, डोक्यावर फुलांचा मुकुट, पुढचा एक दात पडलेला, आणि इतका जीव वर आला की तिला वाटलं, आता आपल्या तोंडून बरोबरच निघणार. घाबरून तिनं ते असं काही चिरडलं की प्रेक्षकांत कोणीतरी फिस्सकन हसलं. हिनानो आपल्या पायांकडे बघत राहिली. इंग्रजीत एमालिया म्हणायची हो, फोन ठेवताना, दार लावताना, 'लव्ह यू'. सगळं शहरच म्हणतं, दुकानदार 'पुन्हा या' म्हणतो तसं. त्याला कोण ऐकतंय? पण हिनानोला ते सुटे पैसे नको होते. पुढे ती मोठी झाली, त्याच शाळेत शिकवू लागली, तिचं लग्न झालं, आणि आईकडून ते ऐकायचा नाद तिनं सोडून दिला. निदान एमालियाला तसं वाटत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तिला मुलगी झाली, दहा आठवडे आधी. पावणेतीन पौंडांची. जावई काइपो माऊई बेटावर रस्त्याच्या कामाला, शनिवार-रविवार यायचा. बाकीचे दिवस हिनानो त्या काचेच्या पेटीशी बसून बोलायची. पोटुशी असताना तिनं बंद हार गळ्यात घातला नाही, बाळाच्या गळ्याला नाळेचा फास बसतो म्हणतात, एमालिया तिला दोन्ही टोकं मोकळी असलेलेच हार करून द्यायची. तेही ती हौसेनं घालायची, वर्गात मुलांना दाखवायची. हिनानोला सगळे रिवाज पाठ होते आणि भीती एकाचीही नव्हती. बाळाला कुरूप म्हणायचं असतं हे तिला पुस्तकातून माहीत होतं, ते तिला गोड वाटायचं. आणि ती पेटीत तोंड घालून रोज चार वाजता म्हणायची: माझा हार, माझं फूल, सुंदर, सुंदर, आलोहा आउ इआ ओए. प्रत्येक दार जागच्या जागी लागायचं.  अगं हळू, अगं चूक एखादं, असं काचेबाहेरच्या एमालियाला ओरडावंसं वाटायचं.

तिसऱ्या मजल्यावर हिनानो तोंडाला फडकं बांधून बाकावर बसली होती. आईला बघून उठली. आवाज म्हणजे नुसती हवा.

"आलीस? हात धू. कोपरापर्यंत."

"ताप आहे?"

"नाही गं. आवाज गेलाय नुसता."

"सूप आणलंय. गरम आहे तोवर घे."

"आई, सूप राहू दे. ऐक माझं." हिनानोनं तिची बाही धरली. "कालपासून चारदा तिचा श्वास थांबला. नर्स म्हणतात, इतक्या लहान बाळांचं होतं असं, तळव्याला चोळलं की परत घेतात. पण मी बोलत असले की थांबत नाही. त्या ताकाराबाई नर्सनी पण पाहिलंय. आज मला बोलता येत नाही. तू बोल."

"मी काय बोलणार? लूर्डेसच्या गमती सांगू?"

"काय ते तुला माहितीय. रोजचंच." आणि मग, डोळे बारीक करून, "आणि दुकानातलं नको. पाहुण्यांना विकतेस ते तिला नको."

"मला नाही येत गं तसं. तुला ठाऊक आहे."

"एकसष्ट वर्षांची झालीस, तूतूच्या घरात वाढलीस. चार-चार वर्षांची पोरं माझ्याकडून आठ दिवसांत शिकतात. तुझ्याच तोंडाला काय झालंय?" हे सगळं कुजबुजीत, मध्ये खोकत; पण हिनानो ओरडली असती तरी याहून जास्त लागलं नसतं. "मला नाही म्हणालीस, ठीक. मी मोठी झाले, मेले नाही. पण तिला म्हण."

मेले नाही.  एमालिया हात धुवायला गेली. पाणी कढत होतं. साबण कोपरापर्यंत चोळताना तिला आपले हात अनोळखी वाटले, फुलांच्या हिरव्या डागांनी भरलेले. जावं का पळून? खाली बस उभी असेल. सांगावं, मला चक्कर आली. चक्कर तर खरंच येत होती.

आत थंड होतं, आणि सगळीकडे बारीक, एकसारखा आवाज. ताकाराबाई पन्नाशीच्या नर्स, आडव्या बांध्याच्या, शांत. त्यांनी स्टूल ओढून दिलं, पेटीच्या बाजूचं गोल झाकण उघडलं. "या आंटी. हात असा आत ठेवा, डोक्यावर. चोळायचं नाही, नुसता ठेवायचा." मग एमालियाचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीवर ठेवला. "हिनानोला ऐकायचंय तिकडून. तिनं लावलाय." काचेपलीकडे हिनानो कानाला फोन लावून उभी होती, दुसऱ्या हाताची बोटं काचेवर.

हाताखाली ते डोकं एवढंसं होतं, लिंबाएवढं नव्हे पण संत्र्याहून फार मोठं नव्हतं. गरम, आणि आत काहीतरी अविरत धडधडत होतं. नळ्या. टाचेला पट्टी. तोंड उघडं. एमालियानं इतक्या जवळून तिला पाहिलंच नव्हतं. एवढीशी कालेची हनुवटी. की तिला तसं वाटलं? तिनं नजर वर नेली, तिथे हिरवी रेघ पळत होती. ती बोलली, दुकानातलं बोलली. घाईघाईनं, सगळं कालवून, तोंडातल्या तोंडात.

"नीट," पिशवीतून हवा आली.

 आणि कोणी सांगितल्यासारखं तिच्या तोंडून दुसरंच निघालं, तूतूचं, अंगणाला ऐकू जाईल असं: कुरूप. घाण. शेण नुसतं.

"काय म्हणालीस तिला?" पिशवी खरखरली. काचेपलीकडे हिनानोचे डोळे मोठे झाले होते.

"आंटी!" ताकाराबाईंना भाषा येत नव्हती, पण त्यांनाही काहीतरी समजलं. "असं रागानं नका हो बोलू. हळू बोला. तिला रोजच्या आवाजाची सवय आहे."

आणि तेव्हा हाताखालचं ते हलणं थांबलं. आधी एमालियाला कळलंच नाही. कमी झालं असं वाटलं आणि मग काहीच उरलं नाही. वरची रेघ सपाट, सैल झाली, आकडे उतरू लागले, पेटीतून टणटण सुरू झाली. ताकाराबाईंचा हात दुसऱ्या बाजूनं आत गेला, अंगठ्यानं तळवा चोळू लागला. "चल गं राणी. घे श्वास. घे." शांतपणे. मग जरा जोरात. मग त्यांनी मान न वळवता दुसऱ्या नर्सला हाक मारली आणि त्या हाकेत शांतपणा नव्हता. "बोला ना आंटी. बोलत राहा!"

एमालियाची दातखीळ बसली. तिला वाटलं, आलेच ते. दाराशी आहेत. म्हटलं तर नेतील, नाही म्हटलं तर हे असं चाललंय. मुलीनं तीन आठवडे सगळं लख्ख सांगून ठेवलंय, आता लपवायला काय उरलंय? कान होते त्यांनी ऐकलंय. ऐकलं नाही ते फक्त या पोरीनं, आज. चार वाजून गेलेत आणि रोजचं ते आलं नाही. त्याऐवजी काय आलं, तर शेण. तिला कुठे माहीत रिवाज? तिला वाटेल, मी कोणालाच नको. आणि मग एमालियाला काले दिसला; मेलेला नव्हे, त्या दुपारचा, चटईवरचा, हसलेला. जन्मभर तिनं त्याला त्या पाचव्या आणि सातव्या दिवसातून पाहिलं होतं, त्याच्या हसण्याकडे बघायची तिची छातीच झाली नव्हती. चार महिने येणारा-जाणारा त्याला कुरूप म्हणत होता आणि एकदा, एकदाच कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तेवढंच त्याला मिळालं. ते म्हटलं नसतं तर तेही मिळालं नसतं. या विचारानं भीती गेली असं नाही. भीती उलट वाढली. पण त्या भीतीतच तिनं गोल झाकणाला तोंड लावलं, चौपन्न वर्षं वाकडी ठेवलेली जीभ सरळ केली, लांब ते लांबवलं, घशातलं दार लावलं, थांबली आणि उघडलं.

आलोहा आउ इआ ओए.

मग पुन्हा. मग आपलं नाव घेऊन, तूतूचं नाव घेऊन, कोण बोलतंय ते ऐकणाऱ्यांना नीट कळावं म्हणून. न्यायचं तर दारात मी बसले आहे, आधी मला ओलांडा, असंही ती म्हणाली, जुन्या भाषेत, एका दमात, खालून फटींतून ऐकलेले शब्द कुठून कुठून वर येत गेले. सुंदर, म्हणाली. सुंदर. सुंदर. ताकाराबाईंच्या अंगठ्यानं झालं, की आणखी कशानं, हाताखाली एक झटका बसला, बारीक, उचकीसारखा. मग दुसरा. रेघ उठली. टणटण थांबली. दुसरी नर्स परत गेली आणि ताकाराबाईंनी मनगटानं कपाळ पुसलं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. कोणाला ते कळलं नाही.

एमालिया तशीच वाकून होती. तिला उभं राहायची भीती वाटत होती, मागे वळायची भीती वाटत होती. पेटीवरच्या पिशवीतून नुसता श्वास येत होता.

"तुला येत होतं," हिनानो म्हणाली.

एमालिया पेटीतल्या नातीकडेच बघत राहिली.

"आई. तुला सगळं येत होतं. माझ्याहून चांगलं येतं तुला." खोकला. "मी नऊ वर्षांची होते. सगळ्यांसमोर. तेव्हाही येत होतं?"

"हो."

"मग मला एकदाही का नाही म्हणालीस?"

एमालियानं मान वर केली. काचेपलीकडे तिची मुलगी उभी होती, एकतीस वर्षांची, फडक्यावरचे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, तूतूसारखे रुंद खांदे. आता काहीतरी सांगावं लागणार होतं आणि खऱ्याखेरीज दुसरं काही हाताशी नव्हतं.

"म्हणून तर तू आहेस," ती म्हणाली.

हिनानोची काचेवरची बोटं हळूहळू मिटली. कुरूप, शेण, गळ्यातले मोकळे हार, ही सगळी तिच्या पुस्तकातली पानं होती. ती आता एकेक करून कुठे कुठे जाऊन बसत असावीत. ती रडत होती की खोकत होती ते फोनवरून कळत नव्हतं.

"मग आता म्हण," ती म्हणाली. "मला."

एमालियानं तोंड उघडलं. हातात नातीचं डोकं होतं, वर-खाली होणारं. समोर मुलगी, आजारी, घसा बसलेली, अशा दिवसांत माणसाला जपावं अशी.

"आधी बरी हो," एमालिया म्हणाली. "खोकला जाऊ दे. मग म्हणते."

आणि बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण हे काय बोलून बसलो. बरोबर उच्चारानं, चुकीच्या उच्चारानं, कसंही असो, या मुलीवर आपला जीव आहे हे सगळं सांगून झालं होतं, मोठ्यानं, भर दुपारी, त्या थंड खोलीत. कोणी ऐकलं असेल तर ऐकलं असेल. तिनं मोकळा हात झटकन तोंडावर नेला, पण तो तिथे उगाचच होता. तिनं जिवाच्या आकांतानं काचेकडे पाहिलं. हिनानो अजून उभी होती. खोकत होती, आणि उभी होती.